काळ्या गोट्यांचा मुलूख

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये झिरो माइलचा दगडी खांब उभा आहे, शेजारी चार घोडे. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. १९०७ मध्ये सर्वेक्षण खात्याने ही जागा पक्की केली, तेव्हा तिची उंचीही नोंदवून ठेवली : समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. कोणत्याही किनाऱ्यापासून पाचशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या या शहराची उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली गेली आणि त्यासाठी आधार घेतला गेला तो समुद्राचा.

त्याच समुद्रसपाटीपासून खाली मोजायला निघाले, की ही अचूकता संपते. जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम एक चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग आजवर आधुनिक यंत्रांनी मोजून झाला आहे. ही मोजणी जहाजातून सोडलेल्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून होते. डोंगर कुठे आहे, दरी कुठे आहे, हे तीतून समजते. तिथे कोण राहते, हे समजत नाही. त्यासाठी खाली जाऊन पाहावे लागते, आणि पाहण्याचा हिशेब तर फारच लहान आहे.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार खोल बुड्यांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. माणसाने डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहिलेला खोल समुद्रतळ ०.००१ टक्क्याहूनही कमी भरला. जास्तीत जास्त ३,८२३ चौरस किलोमीटर. नागपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे मानवजातीने आजवर पाहिलेला सगळा खोल समुद्रतळ उचलून या एका जिल्ह्यात अंथरला, तरी अर्धा जिल्हाही झाकला जाणार नाही. आणि खोल समुद्राने तर पृथ्वीचा दोन तृतीयांश पृष्ठभाग व्यापला आहे. काटोल, नरखेड, सावनेर असे चार-पाच तालुके फिरून साऱ्या जगाचा भूगोल लिहावा, तशी ही अवस्था.

म्हणूनच उरलेल्या अंधारात काय असेल, हा प्रश्न जुना असूनही ताजा आहे. त्याच्या उत्तराचा एक धागा नागपूरच्या मातीतूनच निघतो.

मनसरचा दगड

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले, की साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर मनसर लागते. रामटेकला जाणारा फाटा इथलाच. या पट्ट्यात काळ्या दगडाचे ढीग दिसतात. त्यातला एखादा तुकडा हातात घेतला, तर आकाराच्या मानाने तो भलताच जड लागतो आणि बोटे काळी करून सोडतो. हे मँगनीज. पोलाद बनवायला ते लागतेच. १९०० च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात त्याच्या खाणी सुरू झाल्या. मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी ही या जिल्ह्यातली नावे; शेजारच्या भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट. १९६२ पासून मँगनीजचे मोठे काम सांभाळणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे.

हे मँगनीज आले कुठून? एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मँगनीजवर १९०९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला त्याने या प्रदेशातल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते आजही चालते. या खडकांचे मूळ एका प्राचीन समुद्रात आहे. शंभर कोटी वर्षांहून जुन्या त्या समुद्राच्या तळाशी चिखल-वाळूबरोबर मँगनीजचे थर बसले. पुढे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने ते भाजून, मुडपून कठीण झाले.

यामागचे रसायनशास्त्र सोपे आहे. प्राणवायू नसलेल्या पाण्यात मँगनीज विरघळून राहते. तेच पाणी प्राणवायूच्या संपर्कात आले, की मँगनीज बाहेर पडते आणि काळा साका होऊन खाली बसते. मनसरचा समुद्र उथळ होता आणि आता तो नाही. पण मँगनीज बसण्याचे काम थांबलेले नाही. ते आज दुसऱ्या एका समुद्राच्या तळाशी, पूर्ण काळोखात, अतिशय संथपणे चालू आहे.

नागपूरच्या रेखांशाच्या आसपास सरळ दक्षिणेकडे जात राहावे. कन्याकुमारी मागे पडते, विषुववृत्त ओलांडले जाते, आणि शहरापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर मध्य हिंदी महासागराचे खोरे सुरू होते. पाणी पाच ते साडेपाच हजार मीटर खोल. कळसूबाईच्या शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. तीन कळसूबाई एकावर एक रचून त्या पाण्यात सोडल्या, तरी वरच्या शिखराचे टोक पाण्याबाहेर येणार नाही. या खोऱ्याच्या तळावर मऊ चिखलात बटाट्याएवढे काळे गोटे दूरवर पसरलेले आहेत. मँगनीज, लोह, निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांचे हे नोड्यूल. मध्ये शार्कचा दात, खडकाचा कण किंवा जुन्या गोट्याचा तुकडा असतो आणि त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे चढत जातात. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, एवढाच त्यांचा वेग.

ब्रिटनच्या चॅलेंजर जहाजाने १८७३ मध्ये असे गोटे जगाला पहिल्यांदा दाखवले. भारताच्या हाती पहिला गोटा लागला तो २६ जानेवारी १९८१ रोजी. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने तो अरबी समुद्रातून वर काढला. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र शोधकार्यासाठी मिळाले. त्यातले ७५ हजार चौरस किलोमीटर आज भारताकडे आहे. हा पट्टा विदर्भाच्या सुमारे तीन चतुर्थांश भरेल. तिथे अंदाजे ३८ कोटी टन गोटे पडून आहेत.

मनसरच्या टेकडीवर निदान बाभूळ, पळस, सरडे, साप यांची नावे कोणालाही सांगता येतात. त्या पाण्याखालच्या विदर्भात काय राहते?

दात आणि राक्षस

अज्ञात खोलीत राक्षस असतो, ही समजूत जगभर आहे. आपल्याकडच्या ग्रंथांत तिमी नावाचा प्रचंड मासा आहे, आणि त्या तिमीलाही गिळणारा तिमिंगिल. आधुनिक काळात तिमिंगिलाची जागा मेगालोडॉन या शार्कने घेतली आहे. तळहाताएवढ्या दाताचा हा प्राणी सुमारे पस्तीस लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. तरीही तो अजून खोल समुद्रात जिवंत आहे, असे चित्रपट आणि चित्रफिती सांगत असतात. या समजुतीला बळ मिळाले ते मँगनीजमुळे.

चॅलेंजरने प्रशांत महासागराच्या चार हजार मीटरहून खोल तळातून मेगालोडॉनचे दात वर आणले होते. त्यांच्यावर मँगनीजचा काळा थर चढलेला होता. १९५९ मध्ये व्लादिमिर चेर्नेत्स्की या संशोधकाने त्या थराची जाडी मोजली, मँगनीज साचण्याचा एक वेग गृहीत धरला आणि भागाकार केला. एका दाताचे वय २४ हजार वर्षे निघाले, दुसऱ्याचे ११ हजार. काल-परवापर्यंत जिवंत असलेला प्राणी आजही असू शकतो, असा तर्क मग अनेकांनी लढवला. चूक गृहीत धरलेल्या वेगात होती. खोल समुद्रात मँगनीज त्याहून कितीतरी पट सावकाश साचते, शिवाय सगळीकडे सारख्या गतीने साचत नाही. थर पातळ आहे म्हणून दात नवा ठरत नाही. मनसरच्या धातूच्या भावंडाने एक राक्षस जन्माला घातला आणि त्याच धातूचा नीट अभ्यास झाल्यावर तो राक्षस विरून गेला.

मेगालोडॉन खोल पाण्यात का नसावा, याचे दुसरे कारण पोटापाण्याचे आहे. सूर्यप्रकाश पाण्यात दोनशे मीटरच्या खाली वनस्पतींच्या उपयोगाचा राहत नाही. वरच्या थरात जे पिकते, त्याचे उष्टे-खरकटे, म्हणजे मेलेले सूक्ष्मजीव, विष्ठा, कातडीचे कण, पांढऱ्या भुरभुरीसारखे खाली येत राहते. वाटेत ते बहुतेक खाल्ले जाते. पाच हजार मीटरपर्यंत पोहोचतो तो एक टक्का किंवा त्याहूनही कमी वाटा. एवढ्या शिध्यावर पन्नास टनांचे उष्ण रक्ताचे जनावर पोसले जात नाही.

आवाजांनीही माणसाला असेच चकवले आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी दक्षिण प्रशांतात एक विलक्षण मोठा आवाज टिपला. जवळपास पाच हजार किलोमीटर अंतरावरच्या यंत्रांतही तो पोहोचला होता. निळ्या देवमाशाहून मोठा प्राणी ओरडला असावा, अशी चर्चा वर्षानुवर्षे रंगली. शेवटी अंटार्क्टिकाच्या बाजूला बर्फाचे प्रचंड कडे तडकताना असाच आवाज होतो, हे जुळवून पाहिल्यावर लक्षात आले.

मोठे अनोळखी प्राणी सापडतच नाहीत, असा मात्र याचा अर्थ नाही. १९७६ मध्ये हवाई बेटांजवळ अमेरिकी नौदलाच्या जहाजाच्या पाण्यात सोडलेल्या नांगर-छत्रीत साडेचार मीटरचा एक शार्क अडकला. रुंद जबड्याचा हा ‘मेगामाउथ’ तोवर विज्ञानाला पूर्ण अज्ञात होता. कोलोसल स्क्विड या महाकाय माखुलाचे वर्णन १९२५ मध्ये झाले, तेही देवमाशाच्या पोटात सापडलेल्या त्याच्या हातांवरून. खोल समुद्रात जिवंत असताना त्याचे चित्रण व्हायला पुरी शंभर वर्षे लागली. ९ मार्च २०२५ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये सहाशे मीटर खोलीवर तो कॅमेऱ्यासमोर आला. जगातला सगळ्यांत वजनदार अपृष्ठवंशी प्राणी म्हणून ज्याची ख्याती, त्याचे हे पहिले दर्शन होते तीस सेंटिमीटर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक पिल्लाचे.

प्राणहितेच्या काठचा नातेवाईक

विदर्भाचा या गोष्टीशी आणखी एक संबंध आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपुरात आले. शाळा चालवता चालवता ते आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करू लागले. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर आणि जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात त्यांचा अंत झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. त्यांच्यानंतरही या प्रदेशात जीवाश्मांचा शोध चालू राहिला.

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी, कोटा नावाचे गाव आहे. त्यावरून नाव मिळालेले कोटा प्रस्तर डायनोसॉरच्या काळातल्या माशांसाठी प्रसिद्ध आहेत. सोहनलाल जैन यांनी १९७४ मध्ये या प्रस्तरांतल्या एका माशाचे वर्णन केले आणि त्याचे नाव ठेवले ‘इंडोसीलाकँथस रोबस्टस’. भारतात सापडलेला हा पहिला सीलाकँथ.

सीलाकँथ हे माशांचे फार जुने घराणे आहे. त्यांचे पर मांसल देठावर बसलेले असतात आणि पोहताना चालल्यासारखे आलटून-पालटून हलतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबर हे घराणे संपले, अशी सगळ्यांची खात्री होती, कारण त्यानंतरचा एकही जीवाश्म सापडत नव्हता. मग २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरात, मासेमारीच्या एका बोटीवरच्या ढिगात, तिथल्या संग्रहालयाच्या तरुण अभिरक्षक मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना निळसर रंगाचा दीड मीटरचा एक मासा दिसला. ओळख पटेना, म्हणून त्यांनी रेखाचित्र काढून मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना पाठवले. मासा सीलाकँथ निघाला.

दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडले. तो कोमोरो बेटांजवळ मिळाला, तेव्हा कळले, की तिथले कोळी या माशाला चांगले ओळखतात. त्यांच्या गळाला तो अधूनमधून लागे आणि त्यांच्या बोलीत त्याला ‘गोम्बेसा’ असे नावही होते. काही शास्त्रज्ञ दगडांत त्याचे पूर्वज शोधत होते, त्याच काळात काही घरांत तो ओळखीचा होता. सीलाकँथ काही फार खोल राहत नाही. दोन-तीनशे मीटरवरच्या खडकाळ उतारांत, गुहांत दिवस काढतो. तरी तो इतका काळ निसटला. पाच हजार मीटरवरच्या जिवांचा अदमास यावरून बांधता येतो.

वडवानल

समुद्राच्या पोटात आग आहे, अशी आपल्या परंपरेची कल्पना आहे. तिला वडवानल म्हणतात. फेब्रुवारी १९७७ मध्ये प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ ही छोटी पाणबुडी अडीच हजार मीटर खाली गेली. समुद्रतळाच्या भेगांतून गरम पाणी निघते का, एवढेच पथकाला पाहायचे होते. पथकात एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. गरम पाणी सापडले, आणि त्याभोवती सापडली गजबजलेली वस्ती : मोठमोठे शिंपले, पांढरे खेकडे, पुढे प्रसिद्ध झालेल्या लाल तुऱ्यांच्या नळीकृमींची दाटी. नमुने टिकवायला पुरेसे औषध नव्हते, म्हणून काही प्राणी जहाजावरच्या व्होडकात बुडवून ठेवावे लागले.

त्या दिवसापर्यंत जीवशास्त्राच्या पुस्तकांत साऱ्या जीवसृष्टीचा शिधा सूर्याकडून येत होता. इथे सूर्य नव्हता. भेगांतून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून जिवाणू ऊर्जा मिळवत होते, आणि बाकी सगळे त्या जिवाणूंवर जगत होते.

हिंदी महासागरातल्या अशाच ‘कैरेई’ नावाच्या उष्ण झऱ्याजवळ २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्यांवर लोहसल्फाइडचा मुलामा आहे. शंखाचा बाहेरचा थरही लोहसल्फाइडचाच. शरीरात असे चिलखत घडवणारा दुसरा प्राणी माहीत नाही. तिला शास्त्रीय नाव मिळायला २०१५ उजाडले, आणि २०१९ मध्ये ती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे या यादीत आलेली ती पहिली प्रजाती. नाव मिळण्यात आणि धोका नोंदला जाण्यात जेमतेम चार वर्षांचे अंतर.

भारताचीही आता या झऱ्यांशी ओळख झाली आहे. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यात वास्को इथले राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र यांच्या पथकाने डिसेंबर २०२४ मध्ये मध्य हिंदी महासागरातल्या पर्वतरांगेवर साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका उष्ण झऱ्याची छायाचित्रे टिपली. अशा झऱ्यांजवळच्या धातूंच्या शोधासाठीही भारताचे आंतरराष्ट्रीय करार झालेले आहेत.

गोट्यावरचे बिऱ्हाड

उष्ण झऱ्यांच्या मानाने काळ्या गोट्यांचा मुलूख ओसाड वाटतो. पाण्याचे तापमान एक-दोन अंश. नागपूरच्या नवतपात होरपळणाऱ्याला कल्पनाही करवणार नाही, असा कायमचा गारठा. दाब जमिनीवरच्या हवेच्या साडेपाचशे पट. नखाएवढ्या जागेवर पन्नास किलोची अकरा पोती रचावीत, तेवढा. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गअभ्यासकाने १८४३ मध्ये असे मांडले होते, की साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. चॅलेंजरने ते खोटे ठरवले. भारताच्या समुद्रात हेच काम ‘इन्व्हेस्टिगेटर’ने केले. मुंबईच्या गोदीत बांधलेले हे सर्वेक्षण जहाज १८८१ मध्ये पाण्यात उतरले. त्यावरचे शल्यवैद्य आणि निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८८८ पासून काही वर्षे अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या तळातून जाळ्याने वर आलेल्या प्राण्यांची वर्णने लिहिली. ते नमुने कोलकात्याच्या इंडियन म्युझियमकडे गेले.

गोट्यांच्या प्रदेशात राहतात ती मंडळी लहान आहेत, आणि त्यांची विविधता थक्क करणारी आहे. मऊ चिखलावरून सरकणाऱ्या समुद्रकाकड्या, बारीक हातांचे भंगुरतारे, काचेच्या तंतूंनी विणलेले स्पंज. मुठीएवढी वाढूनही एकाच पेशीची राहणारी झेनोफायोफोर. चिखलात लपलेले, केसाहून बारीक सूत्रकृमी. अथांग चिखलाच्या मैदानात गोटा हीच टणक जागा, म्हणून स्पंज आणि प्रवाळ त्यालाच चिकटून वाढतात. रानात एखादा खडक असावा आणि त्याच्या आधाराने वेली, मुंग्या, सरडे सगळ्यांनी बिऱ्हाड थाटावे, तसे.

दोना पावलाच्या संस्थेतल्या संशोधकांनी या बिऱ्हाडाची मोजदाद वर्षानुवर्षे केली आहे. चौकोनी पेटीसारखे एक यंत्र तारेला बांधून पाच किलोमीटर खाली सोडतात. तळाशी पोहोचायलाच काही तास जातात. ते चिखलाचा एक घट्ट ठोकळा कापून वर आणते. मग जहाजावर त्याचे थर वेगळे करायचे, बारीक चाळणीतून पाण्याने धुऊन काढायचे, जीव गुलाबी रंगवून घ्यायचे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ते मातीच्या कणांतून उठून दिसतात. एका ठोकळ्यातून हाती येतात ते मूठभर जीव. त्यांतला एखादा नवा आहे हे ठरवायला त्या गटाचा जाणकार लागतो, आणि असे जाणकार जगातच थोडे आहेत.

१९९७ मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने मध्य हिंदी महासागरात एक प्रयोग झाला. उद्या तिथे खाणकाम झाले तर काय होईल, हे पाहण्यासाठी तीन हजार मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळून काढण्यात आला. पुढची काही वर्षे शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा तिथे जाऊन जीव मोजत राहिले. डॉ. बबन इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राण्यांच्या सावरण्यावर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरूच्या समुद्रात १९८९ मध्ये असाच एक पट्टा नांगरला गेला होता. सव्वीस वर्षांनी पथक तिथे परतले, तेव्हा नांगराचे चर तसेच दिसत होते. त्याच मोहिमेत संशोधकांना मेलेल्या स्पंजच्या देठावर अंडी घालून त्यांच्यावर बसलेले ऑक्टोपस दिसले. ते देठ मँगनीजच्या गोट्यांना चिकटलेले होते. गोटा नाही तर स्पंज नाही, आणि स्पंज नाही तर त्या मादीला अंडी घालायला जागा नाही.

प्रशांत महासागरातला क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा हा जगातला सर्वांत जास्त अभ्यासलेला नोड्यूलचा प्रदेश. २०२३ मध्ये तिथल्या नोंदी एकत्र झाल्या. एकूण ५,५७८ प्रजाती भरल्या आणि त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांना अजून शास्त्रीय नावच नाही. त्या पाहिल्या गेल्या, बाटलीत भरल्या गेल्या, क्रमांक मिळून कपाटात ठेवल्या गेल्या. खोल समुद्रातले अज्ञात प्राणी म्हणजे कोण, याचे सर्वांत खरे उत्तर या कपाटांत आहे.

मत्स्य आणि वराह

१६ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली. त्याच वर्षी चेन्नईच्या संस्थेने समुद्रतळावर चालणारे एक यंत्र मध्य हिंदी महासागरात ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले. गोटे गोळा करण्याच्या दिशेने ही चाचणी होती. यंत्राचे नाव ‘वराह’. पाण्यात बुडालेली पृथ्वी दातांवर उचलून वर आणणाऱ्या अवताराचे. दुसरे वाहन माणसांसाठी आहे, त्याचे नाव ‘मत्स्य ६०००’. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा २.१ मीटर व्यासाचा गोल, भिंत आठ सेंटिमीटर जाड, आत तीन माणसे, आणि उतरायचे सहा हजार मीटरपर्यंत. तयारीचा भाग म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले; एक ४,०२५ मीटरपर्यंत, दुसरा ५,००२ मीटरपर्यंत.

वराह आणि मत्स्य एकाच संस्थेत घडले. एकाने उचलून आणायचे आहे, दुसऱ्याने जाऊन पाहायचे आहे. देशाला निकेल, कोबाल्ट, तांबे हवे आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपासून अनेक ठिकाणी ते लागते, आणि ही गरज खरी आहे. विदर्भाला खाण परकी नाही. मनसर, बल्लारपूर, उमरेड अशी कितीतरी गावे खाणीच्या मजुरीवर उभी राहिली. पण उमरेडच्या कोळशावरचे रान काय होते, हे खाण खणण्याआधी आसपासच्या माणसांना ठाऊक होते. त्या ७५ हजार चौरस किलोमीटरवर काय जगते, याची यादी अजून कोणाकडेच पूर्ण नाही. म्हणून आधी मत्स्याने भरपूर वेळा खाली जावे, गोव्यातल्या आणि कोलकात्यातल्या कपाटांना माणसे आणि पैसा मिळावा, कृमी आणि स्पंज ओळखणारे विद्यार्थी नागपूर-अमरावतीच्या महाविद्यालयांतूनही तयार व्हावेत, आणि वराहाची पाळी त्यानंतर यावी. क्रम उलटा झाला, तर कोणते जीव गेले हेसुद्धा सांगता येणार नाही.

मत्स्याला तळ गाठायला सुमारे चार तास लागतील. पहिल्या काही मिनिटांत निळा रंग मावळेल, त्यानंतर सगळा प्रवास अंधारातला. तळाशी दिवे लागतील, तेव्हा समोर फिकट तपकिरी चिखलात काळे गोटे पसरलेले असतील. मनसरच्या ढिगातला एखादा तुकडा शेजारी ठेवला, तर रंग सहज जुळावा. मनसरच्या परिसरात मँगनीजसाठी पहिली कुदळ पडली, त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. तेवढ्या काळात त्या गोट्यांवर चढलेला नवा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाही भरणार नाही. आणि त्यांतल्या एखाद्या गोट्यावर काचेच्या देठाचा स्पंज उभा असेल, त्याच्या देठाला एखादा जीव बिलगलेला असेल. लॅटिनमध्ये किंवा मराठीत, कोणत्याच भाषेत त्याला अजून हाक मारता येत नाही.